कुरकुरीत फळभजी : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

जेवणानंतरचं गोड म्हणून केळी, सफरचंद, अननस यांची भजी करणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली आहेत. तक्रार बहुतेकांची एकच आहे, म्हणून पहिल्या उत्तरात मूळ कृती मापांसकट दिली आहे. पुढची उत्तरं तिलाच धरून आहेत.

केळ्याची भजी कढईतून काढताना छान कुरकुरीत असतात. सगळे पानावर बसेपर्यंत मऊ पडतात. मी नुसता मैदा वापरते. पीठ बदलू का?
– वाचक, गंगापूर रोड

पीठ बदलाच, पण तेवढ्यानं भागणार नाही. पिकल्या केळ्यात वजनाच्या सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं. तळताना त्याची वाफ होते आणि भजी बाहेर काढल्यावरही ती आतून येत राहते. आवरण पातळ आणि कोरडं असेल तर वाफ निघून जाते. जाड आणि चिवट असेल तर आवरणातच मुरते. नुसत्या मैद्याचं पीठ जितकं घोटाल तितकं ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) तयार होतं आणि आवरण चिवट होतं. तांदळाच्या पिठीत आणि कॉर्नफ्लोअरमध्ये ग्लुटेन नसतं, म्हणून ती कुरकुरीत होतात. पण एकट्यानं फळाला धरून राहत नाहीत. थोडा मैदा हवाच.

चार माणसांसाठी चार मध्यम केळी घ्या. मैदा ७५ ग्रॅम, तांदळाची पिठी ५० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २५ ग्रॅम, बेकिंग पावडर पाऊण छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा आणि थोडी वेलचीपूड एकत्र चाळून ठेवा. तेल तापत आलं की मगच या चाळलेल्या पिठात १७० मिली बर्फाचं पाणी घाला आणि काट्यानं दहा-बारा वेळा ढवळून थांबा. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतात, त्या घोटत बसलात तर पीठ चिवट होतं. थंड पाण्यानं ग्लुटेन सावकाश तयार होतं, म्हणून बर्फ. चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोटानं रेघ ओढा. ती लगेच मिटली तर पीठ पातळ आहे, चमचाभर पिठी वाढवा.

केळं सालीला पूर्ण पिवळं, एखाद-दुसरा ठिपका असलेलं, पण दाबलं तर घट्ट हवं. आपल्याकडे बाजारात बहुतेक जळगावकडची केळी येतात. घडातली कडेची जरा कडक असतील ती निवडा. काळी पडलेली केळी शिकरणीला ठेवा. तळताना ती आत वितळतात आणि भजं फाटतं. दीड सेंटीमीटर जाडीचे तिरके काप करून कोरड्या मैद्यात घोळवा, झटका, मग पिठात बुडवा.

तेलाचं तापमान १७० ते १७५ अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब सोडा. तो थोडा खाली जाऊन दोन-तीन सेकंदांत बुडबुड्यांसह वर आला की तेल तयार. तळाशी बसून राहिला तर तेल गार आहे, भजी तेल पितील. वर येता येताच तांबूस झाला तर आच कमी करा. घरच्या मध्यम कढईत एका घाण्याला पाच काप पुरेत. जास्त टाकले की तेल एकदम गार होतं, आणि पहिला घाणा चांगला, दुसरा तेलकट असं होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. दोन घाण्यांच्या मध्ये अर्धा मिनिट थांबा. एका घाण्याला तीन मिनिटं लागतात.

आता पाहुणे असतानाची युक्ती. भजी आधी १६० अंशांवर दोन मिनिटं, फिकटच तळून काढा. जेवणं उरकत आली की तेल १८५ अंशांपर्यंत तापवून पाऊण मिनिट पुन्हा सोडा. मधल्या वेळात आतलं पाणी आवरणात येतं आणि दुसऱ्या तळणीत निघून जातं. पहिलं तळण तासभर आधी करता येतं, त्याहून फार आधी नको.

शेवटची गोष्ट भजी कशावर काढता याची. झाऱ्यानं निथळून उपड्या चाळणीवर किंवा जाळीवर सुटी सुटी ठेवा. कागदावर ढीग लावला की खालची भजी वरच्यांच्या वाफेनं सादळतात. वर्तमानपत्र तर नकोच. छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून त्यात खाद्यपदार्थ ठेवू नयेत असं देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनंही सांगितलं आहे. आणि गरम राहावीत म्हणून झाकणाच्या डब्यात भरू नका. गरम राहतील, पण कुरकुरीत राहणार नाहीत.

सफरचंदाच्या चकत्यांवरून पीठ घसरतं. तेलात आवरण वेगळं आणि चकती वेगळी तरंगते.
– वाचक, सिडको

चकती ओली आहे. काळी पडू नये म्हणून लिंबाच्या पाण्यात टाकली असेल तर बाहेर काढून सुती फडक्यावर पसरा आणि वरूनही टिपा. मग कोरडा मैदा. हा थर ओल शोषतो आणि त्याला पीठ धरतं. चकती सात-आठ मिलिमीटरची ठेवा. जाड ठेवली तर बाहेर तांबूस होईतो आत कच्ची राहते. शीतगृहातलं जुनं, रवाळ सफरचंद टाळा, ते आत लगदा होतं. दालचिनीची पूड पिठात घालण्यापेक्षा पिठीसाखरेत मिसळून तळल्यानंतर भुरभुरा. तेलात दालचिनी जळून कडवट लागते.

घरी द्राक्षांची पेटी आली आहे. अख्ख्या द्राक्षांची भजी होतील का?
– वाचक, पिंपळगाव बसवंत

नका करू. द्राक्षात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी, वर घट्ट साल. आतल्या वाफेला वाट मिळत नाही आणि द्राक्ष तेलात फुटतं. तेल हातावर, तोंडावर उडतं. टोचून किंवा अर्धी करून घातली तर रस गळतो आणि तेल तडतडत राहतं.

द्राक्षं भज्यांसोबत द्या. पाव किलो थॉमसन किंवा सोनाका अर्धी करून दोन मोठे चमचे साखर आणि चमचाभर लिंबाचा रस घालून मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवा. साली मऊ पडून रस दाटसर झाला की उतरवा. ही आंबटगोड चटणी केळ्याच्या भज्यांना पिठीसाखरेपेक्षा कितीतरी जास्त शोभते. काळी शरद द्राक्षं घेतलीत तर रंगही सुरेख येतो. मात्र ती वाटीत वेगळी वाढा, भज्यांवर ओतू नका. आणि द्राक्षच तळायचं असेल तर बेदाणे आहेत: गुलगुल्यांच्या पिठात मूठभर घाला.

ताज्या अननसाची भजी नेहमी पाणचट होतात. डब्यातला घ्यावा का?
– वाचक, नाशिक रोड

डब्यातला पाकात मुरलेला असतो, तो आणखी लवकर करपतो. ताजाच घ्या. मधला कडक दांडा काढून एक सेंटीमीटरच्या चकत्या करा आणि चाळणीत वीस मिनिटं निथळत ठेवा. मग कोरड्या, चांगल्या तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिटभर ठेवून पृष्ठभागावरचं पाणी उडवा, गार करा, मैद्यात घोळवा. तव्याची पायरी कंटाळवाणी आहे, पण अननसाला ती टाळून चालत नाही. साखर आधी लावू नका, तिनं रस सुटतो. पीठ केळ्यापेक्षा किंचित घट्ट, म्हणजे पाणी १७० ऐवजी १५० मिली. दोनदा तळायच्या भानगडीत अननसाच्या बाबतीत पडू नका: मधल्या वेळात इतका रस सुटतो की आवरण ओलं होतं. तळा आणि लगेच वाढा.

पिठात दोन चमचे साखर घातली तर भजी मिनिटभरात काळपट होतात, आत पीठ कच्चं.
– वाचक, पंचवटी

साखर आणि दूध दोन्ही तेलात लवकर रंग धरतात. पिठात साखर नको, फार तर छोटा अर्धा चमचा. गोडवा वरून द्या. पिठीसाखर भजी काढल्यावर दोन मिनिटं थांबून भुरभुरा. अगदी गरमावर घातली तर विरघळून चिकट होते.

भजी फुगावीत म्हणून छोटा अर्धा चमचा खायचा सोडा घातला. फुगली खरी, पण तेलानं थबथबली आणि चव साबणासारखी लागली. बेसनात करून पाहू का?
– वाचक, सातपूर

दीडशे ग्रॅम पिठाला अर्धा चमचा सोडा फार झाला. वायू जास्त झाला की आवरणाला मोठी भोकं पडतात आणि तेल त्यांतून आत शिरतं. आंबट काही नसल्यानं उरलेला सोडा तसाच राहतो, साबणाची चव त्याचीच. सोडाच वापरायचा असेल तर दोन चिमटी पुरेत. बेकिंग पावडरीत आम्ल आधीच असतं, म्हणून आम्ही ती सुचवतो.

बेसन केळ्याला चालतं: १०० ग्रॅम बेसन, ५० ग्रॅम तांदळाची पिठी, ओवा नको, जायफळ हवं. सफरचंदाला नाही, बेसनापुढे त्याची चव उरतच नाही.

एकादशीला चालतील अशी केळ्याची भजी कुरकुरीत होतील का? राजगिऱ्याची केली तर मऊ पडतात.
– वाचक, भगूर

राजगिऱ्याचं पीठ एकटं मऊच पडतं. शिंगाड्याचं पीठ दोन भाग आणि भगरीचं पीठ एक भाग घ्या. शिंगाडा घट्ट धरून ठेवतो, भगर कुरकुरीतपणा आणते. दीडशे ग्रॅम मिश्रणाला १५० मिली पाण्यानं सुरुवात करा आणि सैंधव घाला. इथे ग्लुटेन नाही, त्यामुळे पीठ पंधरा मिनिटं झाकून भिजू द्या, नाहीतर भगर दातांखाली कचकचते. मुरल्यावर घट्ट झालं तर चमचा चमचा पाणी वाढवा. केळी घोळवायला मैद्याऐवजी कोरडं शिंगाड्याचं पीठ. ही भजी गरमच खायची. गार झाली की शिंगाडा कडक होतो.

एअर फ्रायरमध्ये जमतील का?
– वाचक, इंदिरानगर

अशी नाहीत. पातळ पीठ जाळीतून गळतं आणि उरलेलं वाळून पापुद्रा होतं. केळ्याचे काप कॉर्नफ्लोअरच्या दाट पेजेत बुडवून ब्रेडच्या कोरड्या चुऱ्यात घोळवा, तेलाचा हात लावा आणि १९० अंशांवर आठ ते दहा मिनिटं ठेवा, मध्ये एकदा उलटा. पदार्थ चांगला होतो, पण भजी नव्हे.

तेल कोणतं घ्यावं? आणि उरलेल्या तेलाचं, पिठाचं काय करायचं?
– वाचक, देवळाली कॅम्प

लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल फोडणीला उत्तम, पण इथे त्याचा वास फळावर चढतो. रिफाइंड सूर्यफूल किंवा रिफाइंड शेंगदाणा तेल घ्या. तुपात चव छान येते, पण थंडीत गार झालेल्या भज्यांवर तूप थिजतं.

फळांचा रस आणि पिठाचे कण तेलात जळतात, म्हणून दर घाण्यानंतर बारीक झाऱ्यानं ते काढून टाका. शेवटी गार झालेलं तेल फडक्यातून गाळून ठेवा आणि आठवड्याभरात भाज्यांना वापरून टाका. पुन्हा तळणीला नको. फेस येत असेल, रंग गडद झाला असेल किंवा बोटाला चिकट लागत असेल तर भाजीलाही नको.

पीठ उरलंच तर त्यात उरलेलं केळं कुस्करून, थोडं पाणी वाढवून तव्यावर धिरडी घाला. दुसऱ्या दिवशी भज्यांना ते वापरू नका, बेकिंग पावडरीचा जोर तोवर गेलेला असतो.