निपाणीच्या तालमीवर स्वीडनमध्ये पीएच.डी. करायची म्हणतोस तर

तुझा प्रश्न माझ्या दादाने मला पाठवला. एम.पी.एड. झालंय, निपाणी-चिकोडीकडच्या कुस्तीच्या तालमींवर पीएच.डी. करायची आहे, स्वीडनला क्रीडा अभ्यासात जमेल का, बायको आणि पाच वर्षांची मुलगी बरोबर आणावी का. दोन दिवस उत्तर लिहितेय आणि खोडतेय. व्हिसाला किती दिवस, बँकेत किती पैसे, ते सरकारी संकेतस्थळावर आहे, तिथेच बघ.

इथे पीएच.डी. म्हणजे नोकरी. जाहिरात निघते, फी नसते, चार वर्षं पगार मिळतो. पण बऱ्याच जागा आधीच ठरलेल्या प्रकल्पातल्या असतात. मी खानापूर तालुक्यातल्या जत्रेच्या कुस्त्यांवर अर्ज केला होता, तो मंजूर झाला नाही. मिळाली ती जागा मुलींच्या फुटबॉल क्लबांवरच्या प्रकल्पात, इथल्या माल्मो शहरात. घेतली. काम मन लावून केलं. पीएच.डी.च्या जाहीर तोंडी परीक्षेच्या तीन आठवडे आधी इथे प्रबंधाला भोक पाडून तो खरोखर हातोडीने फळ्यावर ठोकतात. मी ठोकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईला फोटो पाठवला. ती म्हणाली, "छान गं. यात आपल्याकडचं काय हाय?" तिने सहज विचारलं होतं. मी फोन ठेवला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले.

म्हणून तुला आधी हेच विचारते, विषय बदलायची वेळ आली तर काय करशील? ते आत्ताच ठरव. पगाराचं पत्र हातात आलं की ठरवता येत नाही.

तुझा विषय लहान आहे असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. जोसेफ ऑल्टर या अमेरिकन अभ्यासकाने बनारसच्या पैलवानांवर लिहिलेलं पुस्तक 1992 चं, आजही कुस्तीवर लिहिणाऱ्याला ते टाळता येत नाही. 1911 साली पहिला अखिल भारतीय क्रिकेट संघ इंग्लंडला गेला, त्यावर प्रशांत किदंबींनी 2019 साली लिहिलं. ते इंग्लंडात लेस्टरला इतिहास शिकवतात. त्या दौऱ्यात 114 बळी घेणारे बाळू पालवणकर धारवाडात जन्मलेले, आपल्या शेजारचेच. पण बनारसच्या मातीवरून आपली माती कळत नाही. आपला पोरगा राहतो कर्नाटकात, डाव शिकायला जातो कोल्हापूरला, आणि जत्रेच्या मैदानात त्याचं नाव मराठीत पुकारतात, पाठोपाठ कन्नडमध्ये. हे जगात कुणाला ठाऊक आहे? मला ठाऊक होतं, तेही उंबऱ्यापर्यंतच. बाईमाणूस म्हणून मी तालमीत कधी गेले नाही. दादा पहाटे घरी यायचा तेव्हा त्याच्या कानामागे लाल माती वाळलेली असायची, तिला ताक-लिंबाचा आंबूस वास यायचा. माझं क्षेत्रकाम तेवढंच. तू आत गेलेला आहेस.

शिष्यवृत्तीचं विचारलंस. अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, पण 2022 पासून भारताची संस्कृती, इतिहास, समाज यांवरचे विषय तिच्यातून वगळलेत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे ती महाराष्ट्राच्या रहिवाशांना. कोल्हापूरचं कुस्तीचं खासबाग मैदान त्यांच्याच काळातलं, 1912 चं, आपल्याकडच्या तालमींत फोटो त्यांचा, आणि राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे ती शिष्यवृत्ती येत नाही. मला हे अजून सलतं.

नावाचं काम आजच हाती घे. माझ्या दहावीच्या मार्क्स कार्डावर माझं नाव आणि पुढे एक इंग्रजी अक्षर, पासपोर्टवर वडिलांचं नाव आणि आडनाव, जन्मदाखला कन्नडमध्ये. तिन्ही बाया एकच, हे सिद्ध करायला आठ महिने गेले. एका कार्यालयात तर अर्ज मराठीत म्हणून परत केला, कन्नडमध्ये नेला तर इंग्रजीत आणा म्हणाले. प्रतिज्ञापत्र, इंग्रजी भाषांतर, अपोस्टिल म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, सगळं तिथूनच करून ये. इथून ते होत नाही.

एकटेपणा असतो. नोव्हेंबर संपता संपता चारच्या आत सूर्य मावळतो. भात-आमटी कर, लवकर झोप. त्याने माणूस मोडत नाही.

मुलीचं मात्र नीट ऐक. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला इथे शाळेकडून त्या भाषेचा तास मिळतो. अट अशी की गावात ती भाषा मागणारी निदान पाच मुलं हवीत आणि शिक्षक मिळायला हवा. आम्ही अर्ज केला तेव्हा मराठीची तिघंच भरली. शाळेतल्या बाईंनी विचारलं, "हिंदी चालेल ना? सारखंच असतं." बेळगावात कन्नड की मराठी यावर घराघरात भांडणं बघत मी मोठी झाले. मराठी शाळेत घातलं म्हणून वडिलांनी किती ऐकून घेतलं. आणि मी त्या बाईंना म्हणाले, "चालेल."

माझा लेक आता नऊ वर्षांचा आहे. दादाशी फोनवर हिंदीत बोलतो. दादा त्याला हिंदीतच उत्तर देतो, माझी हाक आली की फोन ठेवतो.

तुझी मुलगी पाचची. ती वाचायला लागेपर्यंत थांबता आलं तर थांब. नाहीच आलं तर दोन बालभारतीची पुस्तकं बॅगेत टाक, आणि आल्या आल्या आम्हाला सांग, म्हणजे अर्जात चौथं नाव होईल.

प्रस्तावाचा मसुदा आधी मराठीतच लिही. इंग्रजी नंतर बघू. वस्ताद तालमीच्या हौदात माती कालवताना काय काय घालतात, कोणत्या वारी, हौदात उतरायचा मान पहिला कुणाचा, हे सगळं त्यात येऊ दे. रविवारी मला वेळ असतो, पाठव.