रतनगड ते हरिश्चंद्रगड ट्रेकला सोलर पॉवर बँक घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात चौघं मिळून रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीने हरिश्चंद्रगडाला जाताय, पाच दिवस, आणि पाठीवर पॅनेल चिकटवलेली 20000 एमएएचची पॉवर बँक घ्यावी का. नका घेऊ. मी घेतली होती म्हणून सांगतोय.

हिशोब बघा ना. 20000 एमएएच म्हणजे साधारण 74 वॅट-अवर (1 वॅटने भरायला 74 तास), आणि ते तळहाताएवढं पॅनेल भर उन्हात जेमतेम 1 ते दीड वॅट देतं, म्हणजे नुसती बँक भरायलाच कमीत कमी 50 तास कडक ऊन पाहिजे. डिसेंबरात कामाचं ऊन दिवसाला पाचेक तास धरा, झाले दहा दिवस. त्यात ती बँक दिवसभर उन्हात टाकायची म्हणजे आतली लिथियमची बॅटरी तापते आणि तिचं आयुष्य कमी होतं. मी कोकणकड्यावर कातळावर ठेवली होती, तासाभराने उचलायला गेलो तर हातात धरवेना, चार्जिंग कधीच बंद पडलेलं.

त्यापेक्षा साधी चांगली 20000 ची बँक घ्या, घरून फुल करून न्या. बँकेतून फोनमध्ये जाताना थोडं वाया जातं ते धरून 5000 च्या फोनला अडीच-तीन वेळा पुरते. चौघांत अशा दोन असल्या की पाच दिवस आरामात निघतात. गावात ज्या घरी जेवाल तिथे लाइट असेल तर चार्जिंगला लावू देतात, त्याचे पैसे मात्र आपणहून द्या.

सोलरच हवं असेल तर घडीचं पॅनेल वेगळं मिळतं, 20 वॅटच्या आसपासचं. लेबलवर काहीही लिहिलेलं असो, हातात 12-13 वॅट आले तरी खूप झालं. दुपारी जेवायला दोन तास थांबलात तर एक फोन भरेल एवढंच. सॅकला लटकवून चालत गेलं की काही मिळत नाही, ऊन तिरकं पडतं आणि झाडांची सावली येत-जात राहते. आपल्याकडे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य 47-48 अंशांच्या वर चढत नाही, म्हणून पॅनेल आडवं टाकू नका, दगडाला टेकवून दक्षिणेकडे तोंड करून उभट ठेवा. आणि सावलीचं बघा, माझ्या सॅकचा एक पट्टा पॅनेलच्या कोपऱ्यावर आला होता तर करंट मोजायच्या मीटरवर 1.9 अँपिअरवरून एकदम 0.3 वर आलं, कारण आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात, एक अडला की सगळे अडतात.

फोन थेट पॅनेलला लावू नका, ढग आला की चार्जिंग तुटतं, परत सुरू होतं, दरवेळी स्क्रीन पेटते. दिवसा बँक भरा, पण ती सॅकच्या सावलीत ठेवून, आणि रात्री बँकेवरून फोन.

सगळ्यात जास्त बॅटरी खाते ती रेंज. खिंडीत नेटवर्क नसतं आणि फोन टॉवर शोधत बसतो, म्हणून फ्लाइट मोडवर ठेवा, ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून घ्या, जीपीएस तसाही चालतो. आणि चौघांपैकी एकाचा फोन पहिल्या दिवसापासून पूर्ण बंद करून प्लास्टिकच्या पिशवीत सॅकच्या तळाशी राहू दे, कोणाचा पाय मुरगळला तर तोच कामाला येईल. घरचे नंबर कागदावरही लिहून घ्या.