सीलबंद इंजिन ऑइल ठाण्याच्या उन्हाळ्यात बाल्कनीत राहिले, तर ते वापरावे का?

आपण विचारले आहे की, घोडबंदर रस्त्यावरील आपल्या घराच्या पश्चिमेकडच्या बाल्कनीत इंजिन ऑइलचे दोन सीलबंद डबे वर्षभर पडून आहेत, मे महिन्यात तो कोपरा भट्टीसारखा तापतो, तर ते ऑइल गाडीत घालावे की टाकून द्यावे, आणि यापुढे ते एसीच्या खोलीत ठेवावे का. मी तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात ट्रकदुरुस्तीच्या एका वर्कशॉपचे स्टोअर अनेक वर्षे सांभाळतो आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. ऑइल टाकून देऊ नका, मात्र डबे बाल्कनीतून आजच आत आणा. एसीची गरज नाही.

आपल्याला भीती वाटते ती उष्णतेची, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. इंजिनाच्या तळाशी ज्याला गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात, तिथे हेच ऑइल साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअसला काम करते, तेही हवेचा, इंधनाच्या वाफांचा आणि धातूच्या बारीक कणांचा सतत मारा सोसत. तापमान दर १० अंशांनी वाढले की ऑइलचे ऑक्सिडीकरण, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनमुळे होणारी खराबी, साधारण दुप्पट वेगाने होते, असा या व्यवसायातला ढोबळ हिशेब आहे. तो उलटा लावला, तर १०० अंशांवरून ४० अंशांपर्यंत उतरताना हा वेग सहा वेळा निम्मा होतो, म्हणजे चौसष्टाव्या हिश्शावर येतो. आणि बंद डब्यात हवाही अगदी थोडीच असते. एप्रिल-मे महिन्यांत ठाण्याचा पारा काही दिवस चाळिशी ओलांडतो खरा, पण तेवढ्याने सीलबंद ऑइल एका उन्हाळ्यात निकामी होत नाही. थेट ऊन लागणारा डबा मात्र हवेपेक्षा बराच अधिक तापतो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान ६० अंशांच्याही वर जाऊ शकते, म्हणून उन्हाची बाल्कनी आणि गाडीची डिकी या दोन्ही जागा साठवणुकीसाठी वर्ज्य समजाव्यात.

ऑइलचे खरे नुकसान होते ते रोजच्या तापण्या-निवण्याने आणि त्यासोबत आत शिरणाऱ्या ओलाव्याने. दुपारी डब्यातली हवा प्रसरण पावते आणि आटे किंवा झाकण जरासे सैल असेल तर थोडी बाहेर पडते. संध्याकाळी ती आकुंचन पावली की बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि खाडीच्या दोन्ही काठांवरची ही हवा पावसाळ्याचे चार महिने किती दमट असते हे आपण जाणताच. डब्याच्या तोंडाला आतून चिकटवलेले फॉइलचे सील शाबूत असेल, तर ही देवघेव जवळजवळ होत नाही. मोठ्या ड्रमच्या बाबतीत ती कशी होते, हे मी स्वतः पाहिले आहे.

एका जूनमध्ये जागेअभावी आम्ही २१० लिटरचा एक नवा ड्रम पत्र्याच्या शेडच्या कडेला उभा ठेवला होता. बूच पान्याने घट्ट आवळलेले होते आणि सील तुटलेले नव्हते. गणपतीनंतर त्यात हातपंप लावला, तेव्हा पहिल्याच ओढीला दुधट पाणी आले, कारण पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि पंपाची नळी तळापर्यंत पोचते. ड्रमच्या वरच्या काठाआड पावसाचे पाणी साचत होते आणि उन्हाने तापलेल्या ड्रमवर सर आली की आत निर्माण झालेल्या ओढीने ते बुचाच्या आट्यांतून थेंबाथेंबाने आत जात होते. ते ऑइल एखाद्या ट्रकमध्ये गेले असते तर मालकाचे केवढे नुकसान झाले असते, हा विचार अजूनही मनातून जात नाही. तेव्हापासून बाहेर ठेवावाच लागला तर ड्रम लाकडी फळ्यांवर आडवा असतो आणि त्याची दोन्ही बुचे घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील अशी काळजी मी घेतो, म्हणजे ती आतून ऑइलखाली राहतात आणि हवा किंवा पाणी ओढले जात नाही.

घरासाठी आतल्या भिंतीचे एखादे कपाट, त्याचा खालचा खण, गॅस आणि गीझरपासून दूर, एवढे पुरे आहे. वर्षभर तापमान शक्यतो तिशीच्या आसपास आणि एकसारखे राहावे, हे महत्त्वाचे. पाच अंश कमी की जास्त याने फरक पडत नाही. शेवटच्या मजल्यावर स्लॅबलगतचा माळा टाळावा. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला डबा टेकवू नये आणि खाली लाकडी फळी द्यावी. जिन्यात किंवा मीटरच्या खोलीत डबे ठेवण्याची सवय अनेक सोसायट्यांमध्ये दिसते, ती मात्र धोक्याची आहे. इंजिन ऑइलचा ज्वलनबिंदू साधारण २०० अंशांच्या वर असल्यामुळे ते सहजी पेटत नाही, पण आग लागलीच तर तिला ते खाद्य पुरवते, आणि जिना ही माणसांची बाहेर पडण्याची वाट असते.

आता डब्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष पाहा. चांगल्या जागी ठेवलेले सीलबंद ऑइल चार ते पाच वर्षे टिकते, असे बहुतेक उत्पादक धरतात. आपल्या डब्यांनी एक उन्हाळा सोसला असल्याने मी ते येत्या एक-दोन सर्व्हिसिंगमध्येच संपवीन, जुना डबा आधी. ग्रेड आणि दर्जाची खूण गाडीच्या पुस्तिकेशी ताडून घ्या, विशेषतः १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीसाठी, कारण तिच्या धुराड्यातील काजळी अडवणाऱ्या गाळणीला कमी राखेचे, म्हणजे जळल्यावर कमी राख सोडणारे, ऑइल लागते.

सील फोडल्यावर थोडे ऑइल पारदर्शक काचेच्या ग्लासात ओतून उजेडात पाहा. ते दुधट किंवा गढूळ असेल, तर त्यात पाणी आहे. तळाशी साका दिसला, तर ती त्यात मिसळलेली पूरक रसायने असू शकतात; बंद डबा खोलीच्या तापमानाला आणून नीट हलवल्यावरही साका विरला नाही, तर ते गाडीत घालू नका. असे ऑइल मोरीत किंवा गटारात न ओतता गॅरेजमध्ये जळके ऑइल जमा करतात तिथे द्या, कारण ठाण्याची बरीचशी गटारे शेवटी खाडीलाच मिळतात.