‘माझी आंघोळ झाली’ असे सासूबाई म्हणतात तेव्हा

मानेवाड्याहून लिहिणाऱ्या ताईंस,

आपल्या 74 वर्षांच्या सासूबाईंना अल्झायमर आहे, ‘माझी आंघोळ झाली’ असे म्हणून त्या रोज न्हाणीघराच्या दारातूनच परततात, हात धरला की ओरडतात आणि शेजारी मग आपल्यालाच बोल लावतात, असे आपण लिहिले आहे. जबरदस्ती करावी की सोडून द्यावे, असे आपण विचारता. माझ्या मते दोन्ही नको.

सासूबाई हट्टही करत नाहीत आणि खोटेही बोलत नाहीत. या आजारात ताज्या आठवणी आधी पुसल्या जातात आणि जुन्या बराच काळ टिकतात. त्यामुळे आयुष्यभर केलेली सकाळची आंघोळ त्यांना आठवते, आजची राहिली आहे हे मात्र पटत नाही. म्हणून आंघोळ झाली की नाही, हा वाद घालूच नये. त्यांच्या पूर्वीच्याच वेळी ‘आई, पाणी काढलंय, चला’ एवढेच म्हणावे. कपडे आणि साबण आधीच हाताशी ठेवावेत, लाज वाटू नये म्हणून अंगावर टॉवेल असू द्यावा आणि पाणी एकदम डोक्यावर न ओतता पायांपासून सुरुवात करावी. दारातले गडद पायपुसणे त्यांना खड्ड्यासारखे भासू शकते. ते काढून पाहा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तांब्या त्यांच्याच हातात द्यावा. एका वेळी एकच गोष्ट सांगावी, आणि साबण लावणे, पदर खोचणे यांपैकी जे त्यांना अजून जमते, ते कितीही वेळ लागला तरी त्यांनाच करू द्यावे, कारण आपण घाईने उरकलेले काम त्यांच्या हातून लवकर सुटत जाते. एखाद्या दिवशी अगदीच नको म्हटले, तर ओल्या कापडाने अंग पुसून घेणे पुरेसे आहे.

आपल्या नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि असे रुग्ण तहान लागल्याचे अनेकदा सांगत नाहीत, तेव्हा पाणी, ताक आपणहून थोडे थोडे देत राहावे. एक-दोन दिवसांतच गोंधळ अचानक वाढला, तर तो आजार बळावला असे समजून थांबू नये. लघवीचा संसर्गही असू शकतो, लगेच डॉक्टरांना दाखवावे.

आपले यजमान ‘राहू दे’ म्हणून बाजूला होतात, हे मला मान्य नाही. आईला आंघोळ घालणे मुलाला अवघड वाटेल, हे समजते. परंतु दिवसभराचे पाणी, जेवण आणि रात्रीची जाग त्यांनी घ्यावी, आणि हे पत्र त्यांना वाचायला द्यावे.