बर्फावर जोडीने फिगर स्केटिंग करणाऱ्या चॅम्पियनचं करिअर कसं असतं? खेड्यातल्या मुलीला जमेल का?

आर्वीजवळच्या गावात रोलर स्केटिंग करणारी तुमची बारा वर्षांची पोरगी टीव्हीवर हा खेळ पाहून हट्टाला पेटली आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी यवतमाळ जिल्ह्यात खेळाचा शिक्षक. बर्फावर कधी पाय ठेवला नाही, पण हा खेळ पाहायचं वेड जुनं आहे.

या करिअरमध्ये सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे जोडीदार. शंकरपटात एकच बैल वाऱ्यासारखा पळून भागत नाही, तसंच हे.

सोव्हिएत संघाच्या इरिना रोदनिनाचंच घ्या. लहानपणी सारखा न्यूमोनिया व्हायचा म्हणून तिला मॉस्कोत स्केटिंगला घातलं. पुढे १९६९ ते १९७८ सलग दहा जागतिक विजेतेपदं आणि १९७२, १९७६, १९८० अशी तीन ऑलिंपिक सुवर्णं. पहिलं सुवर्ण अलेक्सेई उलानोव्हसोबत. पण त्याचा जीव दुसऱ्या जोडीतल्या ल्युदमिला स्मिर्नोव्हावर जडला, आणि तो तिच्याच जोडीला गेला. म्हणजे जगज्जेती पोरगी बावीस-तेवीसच्या वयात जोडीदाराविना! मग अलेक्झांडर झाइत्सेव्ह आला, त्या मानाने नवखा. १९७३ ला ब्रातिस्लाव्हातल्या जागतिक स्पर्धेत त्यांचं संगीत मधेच बंद पडलं. दोघं थांबलेच नाहीत, उरलेला सगळा कार्यक्रम संगीताशिवाय पुरा केला आणि जिंकले. पुढे त्याच्याशीच लग्न झालं, १९७९ ला मुलगा झाला, तो हंगाम सुटला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकला तिसरं सुवर्ण. मला तर दहा विजेतेपदांपेक्षा ही दुसरी जोडी जमवणंच मोठं वाटतं.

दुसरी अलिओना सावचेन्को. जन्म युक्रेनचा, खेळली मुख्यतः जर्मनीकडून. रॉबिन शोल्कोव्हीबरोबर पाच जागतिक विजेतेपदं, पण ऑलिंपिकला दोनदा कांस्यच. तो निवृत्त झाल्यावर तिने फ्रान्सचा ब्रुनो मॅसो गाठला. जर्मनीकडून ऑलिंपिक खेळायचं तर त्याला आधी जर्मन भाषेची परीक्षा देऊन नागरिकत्व मिळवावं लागलं. २०१८ ला, चौतिसाव्या वर्षी, पाचव्या ऑलिंपिकमध्ये पहिल्या फेरीअखेर चौथ्या असूनही त्यांनी सुवर्ण नेलं.

आता तुमच्या पोरीचं. बर्फाची मोठी रिंक देहरादूनला आहे. रोजच्या सरावासाठी घर हलवावं लागेल, आणि ते मी कोणत्याही शेतकरी बापाला सुचवणार नाही. पण रोलरमध्येही कलात्मक स्केटिंग असतं, त्यात जोडीचा प्रकारही असतो. आपल्याकडे बहुतेक पोरं शर्यतीचंच शिकतात, म्हणून आधी प्रशिक्षकाला स्पष्ट विचारा: कलात्मक शिकवता का? त्याचे स्केट वेगळे, पुढे रबरी ठोकळा असलेले. उगाच महागडे शर्यतीचे घेऊन बसू नका. आणि डोक्यावर उचलण्याच्या कसरती व्हिडिओ पाहून घरी भावाबरोबर अजिबात करू देऊ नका. खुद्द रोदनिना १९७२ ला सरावात अशीच खाली पडून दवाखान्यात गेली होती. सध्या एकटीलाच उड्या, गिरक्या आणि सोबत जिम्नॅस्टिक्स शिकू द्या.

तिच्या शाळेत कोणी शिकवणारं आहे का, की तालुक्याला न्यावं लागतं? ते कळवा, पुढचं सांगतो.