जमीन बंद करू नकोस

त्या जुन्या वास्तूच्या आतल्या चौकाबद्दलचा तुझा मेल दोनदा वाचला. वारसा जपणारी समिती म्हणतेय जुन्या फोटोत चौक मोकळा दिसतो तर मोकळाच ठेवा, एकही झाड नको. वास्तू चालवणारे म्हणतायत दुपारी तिथे कोणी दहा मिनिटं टिकत नाही, वर कापडाचं छत टाका, फवारे बसवा. आणि तू मधे उभा राहून मला विचारतोयस की बरोबर कोण. अरे, तुझ्याच ड्रॉइंगमधे दोन्ही पर्यायांत खाली काय आहे ते बघ ना! काँक्रीटच्या थरावर दगडी फरशी, सिमेंटचे सांधे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. वर काय असावं यावर तुम्ही भांडताय आणि खालची जमीन सगळ्यांनी मिळून बंद करून टाकलीय, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाहीये.

जमीन बंद करू नकोस. बाकीचं पत्र विसरलास तरी चालेल.

मी एवढी का चिडलेय ते सांगते. बावीस वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं. जुना चौक, मधे एक जुनं मोठं झाड, खाली माती आणि वेडेवाकडे दगड, पावसात चिखल. मला ते नीटनेटकं करायचं होतं. काँक्रीट ओतलं, वर सुंदर घडीव दगड बसवले, झाडाला मीटरभराचा चौकोन सोडला आणि स्वतःला समजावलं की तेवढा पुरेल. सगळ्यांनी कौतुक केलं, फोटो छापून आले. तिसऱ्या उन्हाळ्यात शेंड्याच्या फांद्या वाळल्या, पाचव्या वर्षी झाड कापावं लागलं. पाणी आणि हवा ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही कितीतरी बाहेर पसरतात, हे मला तेव्हा पुस्तकातून माहीत होतं. माहीत असून मी ते केलं, हे जास्त लागतं.

आणि झाडावरच थांबलं नाही. सावली गेली तशी फरशी दिवसभर तापायची आणि रात्री ती उष्णता खोल्यांत सोडायची, मग एसीची मागणी आली, मग त्याचे डबे भिंतीवर आले. पूर्वी जमिनीतली ओल चौकातल्या मातीतून उडून जायची, तिला आता वाट फक्त भिंतीतून वर. जोत्याला लोणा लागला, म्हणजे ओलीबरोबर वर आलेलं मीठ. तो दिसू नये म्हणून खालच्या पट्ट्याला सिमेंटचा गिलावा केला (सही माझीच), मग मीठ त्या गिलाव्यामागे साचून त्याचे खडे होत गेले आणि दगडाचा चेहराच सुटून आला. खालच्या दोन फुटांतलं कोरीवकाम गेलं. चुन्याचा गिलावा असता तर ओल बाहेर पडली असती, खराब झालाच असता तर चुना झाला असता, दगड नाही, आणि चुना बदलता येतो. ते कोरीवकाम कुठून आणू?

एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता ओढली जाते. उघडी माती आणि झाडाची पानं हे काम दिवसभर फुकट करतात आणि आपण त्यावर काँक्रीट ओतून नंतर पंखे लावतो. शिवाय हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पाऊस येतो तेव्हा धोधो येतो. बंद चौकात ते सगळं पाणी जाणार कुठे? जोत्यापाशी!

आता घाई करून उलटी चूकही करू नकोस. जमीन उघडी ठेवायची याचा अर्थ पायात पाणी मुरवायचं असा नाही. भिंतीलगत उतार बाहेरच्या बाजूला हवा, पाणी मुरवायची जागा पायापासून चांगली लांब. चिकणमाती असेल तर ती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, मोठं झाड भिंतीच्या अंगाशी लावलंस तर तेच झाड पाया हलवेल. मधल्या भागात सुटी खडी, किंवा वाळूवर बसवलेले दगड आणि चुन्याचे नाहीतर मातीचे सांधे. चालायला, चाकाच्या खुर्चीला पक्की वाट लागणार, तेवढी वाट पक्की कर, चौक नको. फवाऱ्यांचं म्हणशील तर दमट हवेत ते काही थंड करत नाहीत आणि पाणी जड असेल तर दगडावर क्षार ठेवून जातात. कापडाच्या छताला माझा विरोध नाही, स्वतःच्या पायावर उभं राहणारं असू दे, जुन्या दगडात एकही भोक नको, आणि झाड मोठं झालं की काढता आलं पाहिजे.

समितीशी बोलताना त्या फोटोला घाबरू नकोस, तो एका दिवसाचा फोटो आहे. फ्लॉरेन्स चार्टर (१९८१), म्हणजे ऐतिहासिक बागांच्या जतनाची आंतरराष्ट्रीय सनद, अशा बागेला जिवंत स्मारक म्हणतो, त्यातली झाडंझुडपं नाशवंत आणि म्हणूनच पुन्हा लावण्याजोगी, असं त्यात स्पष्ट आहे. २०२२ च्या दुष्काळानंतर लंडनच्या क्यू गार्डन्समधे चारशेहून जास्त झाडं गेली, तिथेही पुढच्या हवेत तगेल अशी झाडं निवडण्याचं काम सुरू आहे. स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या मशिदीचा चौक बघ. संत्र्याच्या झाडांच्या रांगा आणि एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात पाणी नेणारे जमिनीतले पाट. तिथे वास्तू, झाड, पाणी, जमीन असं वेगवेगळं करताच येत नाही. पण तुझ्या चौकात पूर्वी झाड नव्हतंच असं खरंच सिद्ध झालं, तर झाडाचा हट्ट सोड. कडेला वेल चढव, ओवरीची सावली वापर. जमिनीचा हट्ट मात्र सोडू नकोस.

तू काम सोडायची भाषा केलीयस. यावर मला बोलायचा अधिकार किती ते माहीत नाही, कारण त्या चौकानंतर मी अशीच दोन कामं सोडली. सांध्यात सिमेंट घालणार म्हणाले, मी उठून आले. हट्टी म्हणून नाव झालं, कामं कमी झाली, आणि मी तेव्हाही बरोबर होते आणि आजही तेच करेन. पण ते दोन्ही चौक शेवटी पूर्ण बंद झाले, दुसऱ्या कोणीतरी सही केली. मी थांबले असते तर निदान अर्धा तरी उघडा राहिला असता, हे रात्री कधीकधी डोक्यात येतं. म्हणून तू थांब. मी सोडलं ते चुकीचं होतं असं मी म्हणत नाहीये, तू थांब एवढंच म्हणतेय.

मीटिंगच्या आधी दोन छोटे खड्डे खणून घे, लेखी परवानगी काढून आणि पुरातत्त्वाचं माणूस समोर ठेवून, एक जोत्यापासून थोडा लांब, एक मधोमध. तुझ्या फोटोत जोत्याला दोनच पायऱ्या दिसतायत आणि उंबरा फार खाली वाटतोय, एखादी पायरी फरशीवर फरशी चढवत गाडली गेलीय का ते आधी कळू दे, खाली जुना पाटही निघू शकतो. दुपारी दोनला आणि रात्री नऊला दगडावर हात ठेवून बघ. पाऊस आला तर छत्री घेऊन चौकात उभा राहा आणि पाणी कुठे थांबतं ते खडूने आखून ठेव.

मातीचे थर दिसतील असे फोटो पाठव, शेजारी मोजपट्टी ठेवून. कितीही उशिरा पाठवलेस तरी चालेल, मी जागीच असते.