जुन्या ब्राउझरवर वेबसाइट चालली पाहिजे का?

तुम्ही विचारलंय की नवी वेबसाइट करताना जुन्या ब्राउझरसाठी वेळ द्यायचा, की 'कृपया ब्राउझर अपडेट करा' अशी पाटी लावून मोकळं व्हायचं. मी बरीच वर्षं वेबसाइटच्या पुढच्या बाजूचं, म्हणजे लोकांना प्रत्यक्ष दिसणाऱ्या भागाचं काम करते. माझं मत स्पष्ट आहे. जुन्या ब्राउझरवर साइट देखणी दिसली नाही तरी चालेल, पण माणूस ज्या कामासाठी आला ते काम झालंच पाहिजे. पाटी लावू नका.

अपडेट करणं पुष्कळदा त्या माणसाच्या हातातच नसतं. आयफोन ६ घ्या. तो आयओएस, म्हणजे आयफोनची मूळ प्रणाली, हिच्या १२ व्या आवृत्तीपुढे जात नाही. सफारी हा ॲपलचा ब्राउझर आयओएसबरोबरच येतो, आणि त्या फोनवर क्रोम टाकलं तरी आतलं इंजिन, म्हणजे पान वाचून दाखवणारा गाभा, सफारीचंच असतं. विंडोज ७ साठी क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, जानेवारी २०२३ ची. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तर अनेकांना काही इन्स्टॉल करायची परवानगीच नसते. अशा माणसाला 'अपडेट करा' म्हणायचं म्हणजे 'नवा फोन घेऊन या, मग बोलू' असंच सांगायचं.

हे मला एका फोनमुळे नीट कळलं. एका संस्थेसाठी आम्ही शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज बनवला होता. एका बाईंचा फोन आला, "मॅडम, मुलीचा अर्ज तीनदा भरला. 'अर्ज पाठवा' दाबते, पण काहीच होत नाही हो." त्यांनी पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये सगळं जागच्या जागी होतं, लाल अक्षरात चूकही नव्हती. माझ्या कॉम्प्युटरवर तोच अर्ज व्यवस्थित जात होता. शोधायला दोन दिवस गेले. आणि कारण निघालं एवढंसं! कोडमध्ये 'पत्ता भरलेला असेल तरच त्यातलं शहर घे' हे सांगायला आम्ही नवी पद्धत वापरली होती: प्रश्नचिन्ह आणि त्याला चिकटून टिंब, '?.' असं. हे व्याकरण क्रोमला फेब्रुवारी २०२० च्या ८० व्या आवृत्तीपासून समजतं, सफारीला १३.१ पासून. बाईंचा टॅबलेट त्याआधीचा. जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे पानाला हालचाल देणाऱ्या स्क्रिप्ट ज्या भाषेत लिहितात तिच्यात, असं अनोळखी व्याकरण आलं की ब्राउझर तेवढी ओळ सोडून पुढे जात नाही, सगळी फाइलच टाकून देतो. त्या फाइलमध्येच अर्ज पाठवण्याचं कोड होतं, त्यामुळे बटण दिसत होतं पण मेलेलं होतं. दोन चिन्हांपायी एका मुलीचा अर्ज अडला, ही गोष्ट माझ्या जिव्हारी लागली.

आम्ही ती ओळ तर बदललीच, पण खरी दुरुस्ती वेगळी होती. एचटीएमएलच्या, म्हणजे पानाचा मजकूर आणि रकाने मांडणाऱ्या भाषेच्या, फॉर्मला थेट सर्व्हरचा (अर्ज स्वीकारणाऱ्या कॉम्प्युटरचा) पत्ता दिला. आता स्क्रिप्ट चालली नाही तर ब्राउझर स्वतःच अर्ज पाठवतो, पान एकदा नव्याने उघडतं, इतकंच. हे ब्राउझरला १९९० च्या दशकापासून येतं. आपणच मध्ये स्क्रिप्ट घालून त्याची वाट अडवतो.

वेबच्या तीन थरांचा स्वभाव वेगवेगळा आहे. एचटीएमएल आणि पानाचं रूप ठरवणारं सीएसएस सोशिक आहेत. तारीख निवडायचा रकाना जुन्या ब्राउझरला कळला नाही तर तो तिथे साधा मजकुराचा रकाना दाखवतो. २०१७ मध्ये आलेली सीएसएसमधली ग्रिडची, म्हणजे चौकटींची, मांडणी कळली नाही तर ठोकळे एकाखाली एक येतात, पण वाचता येतात. जावास्क्रिप्ट मात्र अजिबात सोशिक नाही. म्हणून आधी नुसत्या एचटीएमएलवर काम होईल असं पान करा, मग त्यावर सीएसएस चढवा आणि स्क्रिप्ट शेवटी. या पद्धतीला २००३ मध्ये स्टीव्हन चँपियन आणि निक फिंक यांनी 'प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट' असं नाव दिलं. फायदा फक्त जुन्या ब्राउझरना होतो असंही नाही. ब्रिटिश सरकारच्या डिजिटल विभागाने २०१३ मध्ये मोजलं तेव्हा १.१ टक्के लोकांपर्यंत जावास्क्रिप्ट पोहोचत नव्हती. एकूण लोकांपैकी जेमतेम ०.२ टक्क्यांकडे ती बंद होती किंवा चालतच नव्हती. बाकीच्यांचे ब्राउझर ठीक होते, तरी कुठल्या ना कुठल्या कारणाने ती त्यांच्याकडे चालली नाही.

'पण आमच्याकडे जुना ब्राउझर वापरणारं कुणी येतच नाही' असं तुमचा ग्राहक म्हणेल, आकडेही दाखवेल. ते आकडे कुठून आले ते विचारा. भेटी मोजणारी साधनं बहुधा स्वतःच जावास्क्रिप्टवर चालतात. ज्याच्याकडे स्क्रिप्टच कोसळते, तो पुष्कळदा मोजलाच जात नाही. सर्व्हरचे लॉग, म्हणजे आलेल्या प्रत्येक मागणीची नोंद, काढून बघा, तिथे तो सापडेल.

एका बाबतीत मात्र मी अजिबात ढील देत नाही, ती म्हणजे सुरक्षा. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली माहिती गुप्त ठेवणाऱ्या टीएलएस पद्धतीच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या मुख्य ब्राउझरनी २०२० मध्ये बंद करायला घेतल्या आणि मार्च २०२१ मध्ये त्या अधिकृतपणे बाद झाल्या. पासवर्ड किंवा पैशांचा संबंध असेल तिथे जुन्या ब्राउझरसाठी त्या उघड्या ठेवू नका. इथे एखाद्याला 'नाही' म्हणावं लागतं, आणि ते म्हणताना दुसरा मार्ग द्यावा: फोन नंबर, पत्ता, काहीतरी. तसंच जुन्या ब्राउझरची उणीव भरून काढणारे कोडचे तुकडे, म्हणजे पॉलिफिल, दुसऱ्याच्या सर्व्हरवरून ओढू नका. पॉलिफिल.आयओ हे डोमेन २०२४ मध्ये दुसऱ्या मालकाकडे गेलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये उघड झालं की तिथून घातक कोड पसरतोय. एक लाखाहून जास्त साइटवर ते वापरलं जात होतं.

इंटरनेट एक्सप्लोररचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्टनेच ११ व्या आवृत्तीचा आधार १५ जून २०२२ ला काढून घेतला. त्याच्या दिसण्यासाठी आता एक तासही देऊ नका. २००१ चा आयई ६ आणि २००६ चा आयई ७ यांच्यामध्ये पाच वर्षं सगळं गोठलेलं होतं. त्या काळात आमच्या कित्येक रात्री पिक्सेल जुळवण्यात गेल्या. 'जुना ब्राउझर' म्हटलं की आजही अनेक जण दचकतात ते त्यामुळेच. ते दुखणं सगळीकडे सारखं दिसावं या हट्टाचं होतं. तो हट्ट सोडला की काम खूप हलकं होतं.

आणि ब्राउझर बनवणाऱ्यांकडे बघा ना. २०१८ मध्ये जावास्क्रिप्टमध्ये 'फ्लॅटन' नावाची नवी सोय येणार होती. पण मूटूल्स या जुन्या लायब्ररीवरच्या (तयार कोडच्या संचावरच्या) साइट त्या नावामुळे मोडतील असं लक्षात आलं, म्हणून नाव बदलून 'फ्लॅट' केलं. कधीच्या विसरलेल्या साइटसाठी ते लोक इतकं जपतात.

तुमच्या साइटपुरतं सांगायचं तर आज संध्याकाळीच ब्राउझरच्या सेटिंगमधून जावास्क्रिप्ट बंद करा आणि स्वतःचा फॉर्म पहिल्या रकान्यापासून शेवटपर्यंत भरून पाठवा. मी त्या फोननंतर एक वापरलेला आयपॅड एअर विकत घेतला, आयओएस १२ वर अडकलेला. काम ग्राहकाच्या हाती देण्याआधी त्यावर एक अर्ज मी स्वतः भरते, आणि सर्व्हरवर तो पोहोचल्याचं दिसल्यावरच साइट सुरू करते.